ऑर्किडची निगा इथल्या हवेला धरून सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरातील ऑर्किडच्या निगेविषयी आलेला लेख वाचला. ऑर्किड म्हणजे केवळ मोठ्या हॉटेलांच्या दर्शनी दालनात शोभणारी वस्तू नव्हे, ते साध्या घराच्या खिडकीतही वाढते, हे त्यात सांगितले गेले याचा आनंद झाला. मात्र लेखातील मुख्य सल्ल्याबद्दल, म्हणजे आठवड्यातून एकदा कपभर पाणी, उन्हापासून दूरचा कोपरा आणि महिन्यातून एकदा खत याबद्दल, माझी तक्रार आहे. हा सल्ला मुळात थंड देशांतील घरांसाठी तयार झालेला आहे. तिथे हिवाळ्यात खोल्या तापवलेल्या असतात, उन्हाळा सौम्य असतो आणि घरातील हवा वर्षभर जवळपास एकसारखी राहते, त्यामुळे वार ठरवून पाणी घातले तरी निभावून जाते. आपल्याकडे ठाण्यात जुलैमध्ये वाळत घातलेले कपडे दोन-तीन दिवस सुकत नाहीत, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी भिजवलेली कुंडी दुपारी कोरडी ठणठणीत होते, तर पुण्यात डिसेंबरच्या रात्री कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. या तिन्ही घरांना एकच वार आणि एकच कप कसा लागू पडेल?

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांची, जेमतेम धुगधुगी उरलेली ऑर्किडची रोपे पाहण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. त्यांत तहानेने गेलेले रोप क्वचितच निघते. बहुतेक सगळी पाण्यानेच गेलेली असतात, आणि तेही सल्ला काटेकोरपणे पाळून घातलेल्या पाण्याने.

दिवाळीच्या सुमारास भेट म्हणून ज्या रोपांची देवघेव होते, ती बहुधा फॅलेनॉप्सिस या प्रजातीची संकरित रोपे असतात. रुंद, जाड अशी चार-सहा पाने, त्यांच्या बगलेतून निघालेला कमानदार दांडा आणि त्यावर ओळीने लागलेली पांढरी किंवा जांभळट फुले हे रूप आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. ही रोपे एवढी सर्रास मिळू लागली, याचे श्रेय प्रयोगशाळेला द्यावे लागेल. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठाच नसतो आणि रानात योग्य त्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर), बुरशीच्या मदतीवाचून, हे बी रुजवून दाखवले. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी वाढत्या शेंड्याच्या ऊतीपासून रोपे तयार करण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने पुढे एकाच उत्तम झाडापासून हजारो सारखी रोपे निघू लागली आणि पूर्वी हौशी धनिकांच्या काचघरांत असणारे झाड आज हजार-बाराशे रुपयांत नर्सरीत मिळते.

पण या रोपांचे लहानपण पॉलिहाउसमध्ये जाते. तिथे उष्णता, ओलावा, वारा आणि सावली हे सगळे माणसाच्या हातात असते. त्यांना स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या वाळवलेल्या शेवाळात, वाढवतात, कारण ते मॉस वजनाला हलके, आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवणारे आणि लांबच्या प्रवासात रोप न सुकू देणारे असते. उत्पादकाची आणि विक्रेत्याची त्यात मोठी सोय आहे. रोप ज्या घरी जाणार, त्या घराची हवा कशी आहे याचा मात्र त्यात कुठेच विचार नाही.

असे रोप घरी आणल्यावर त्याची चकचकीत चिनी मातीची कुंडी उचलून पाहावी. तिच्या तळाला बहुधा भोक नसते. आत पारदर्शक प्लास्टिकची दुसरी कुंडी असते आणि तिच्या कडेचे मॉस बोटाला कोरडे, कुरकुरीत लागते, म्हणून घरातील माणूस आणखी पाणी घालतो. आता ती आतली कुंडी तिरकी करून रोप बाहेर काढावे आणि मुळांचा गुंता हलक्या हाताने सोडवत आत जावे. अगदी मध्यभागी, खोडाच्या बुडाशी, मॉसची घट्ट दाबलेली एक गुंडी सापडते. रोप बोटभर असताना ज्या खणात लावलेले होते, त्या खणातलीच ही गुंडी तशीच मोठ्या कुंडीत आलेली असते. ती दाबली की पाणी गळते आणि आंबूस वास येतो. तिच्याभोवतीचे तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढले की वरचे आवरण मोज्यासारखे निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. बाहेरून कोरडे दिसणारे हे रोप आतून कित्येक आठवडे पाण्यात उभे असते, आणि वर फुले मात्र अगदी टवटवीत असतात.

फॅलेनॉप्सिसचे फूल दोन-तीन महिने टिकते. विक्रेते हे त्याचे मोठे गुण म्हणून सांगतात आणि ते खरेही आहे, पण याच गुणामुळे मालकाची फसगत होते. दिवाळीत आलेले रोप माघापर्यंत फुलांनी डवरलेले असते, तेव्हा खाली मुळांची काय अवस्था आहे हे पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. फुले गळतात, पाने थोडी मऊ पडतात, त्यांवर उभ्या सुरकुत्या येतात. सुरकुत्या म्हणजे तहान, असे समजून पाणी वाढवले जाते. वास्तविक सुरकुत्या दोन अगदी उलट कारणांनी येतात: एक तर पाणी कमी पडते म्हणून, किंवा पाणी जास्त होऊन मुळे कुजली आणि आता पाणी असूनही ते वर चढवायला काही उरले नाही म्हणून. पान पाहून यातले कारण कोणते ते कळत नाही. त्यासाठी मूळच पाहावे लागते. तोवर जून लागतो, हवेतच पाणी भरते, कुंडीतले मॉस वाळण्याची उरलीसुरली शक्यताही संपते आणि श्रावणात एकेक पान पिवळे पडून गळू लागते. मग ‘आपल्याला काही ऑर्किड लाभत नाही’ असे म्हणून कुंडी जिन्याखाली जाते.

फॅलेनॉप्सिसच्या रानटी जाती आग्नेय आशियातील दमट जंगलांत प्रामुख्याने झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांच्या मुळांवर मृत पेशींचे पांढरट, सच्छिद्र आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हे आवरण काही क्षणांत पाणी शोषून घेते. घरीही रुपेरी दिसणारे मूळ नळाच्या बारीक धारेखाली धरले तर ते डोळ्यांदेखत हिरवे होते, कारण भिजल्यावर आवरण पारदर्शक होऊन आतला हरितद्रव्याचा थर दिसू लागतो. सर थांबली की वारा ती मुळे पुन्हा वाळवतो. हे भिजणे आणि वाळणे आलटून पालटून चालू राहिले तर मूळ वर्षानुवर्षे जगते. ते सतत ओले राहिले तर पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि कूज शिरते. पाणी कधी घालावे याचे उत्तर त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सापडणार नाही. कुंडी पारदर्शक असेल तर आतली मुळे हिरवी आहेत की रुपेरी हे बाहेरूनच दिसते. हिरवी असतील तर थांबावे, रुपेरी झाली आणि कुंडी हाताला हलकी लागली तर सकाळच्या वेळी भरपूर पाणी घालून ते सगळे तळातून निथळू द्यावे. कपाने मोजून थोडेथोडे पाणी घालण्यात तर दुहेरी तोटा आहे, कारण वरची मुळे तहानलेली राहतात आणि तळ ओला राहतो.

पाने जिथे एकत्र येतात त्या खोबणीत पाणी साचू न देण्याची काळजी पावसाळ्यात फार महत्त्वाची आहे. रानात हे झाड फांदीवरून तिरके किंवा खाली झुकलेले वाढते, त्यामुळे पाणी आपोआप गळून जाते. कुंडीत आपण त्याला ताठ उभे करतो आणि ते पाणी शेंड्यात साठते. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो कुजला की बुडाशी एखादे पिल्लू फुटले तरच रोप वाचते, आणि त्या आशेवर राहण्यात अर्थ नाही. रात्री उरलेला थेंब कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावा.

कुंडी बदलण्याचे काम फुले गळल्यावर करावे, आणि कोकणपट्टीत तरी ते ऐन पावसाळ्यात टाळावे. सगळे मॉस, ती मधली गुंडीसुद्धा, काढून टाकावी. मऊ, पोकळ झालेली मुळे ज्योतीवर तापवून निववलेल्या कात्रीने कापावीत, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी आणि रोप एक दिवस सावलीत तसेच उघडे ठेवावे. दालचिनी फक्त जखमेपुरती वापरावी, कारण निरोगी मुळांना लागली तर ती त्यांना सुकवते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या भागांत चहूबाजूंनी भोके असलेली मातीची कुंडी, त्यात वखारीतून आणलेल्या लाकडी कोळशाचे अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे आणि रात्रभर पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे एवढे पुरते. नारळाची सोडणे कोकणात फुकट मिळतात म्हणून अनेक जण तीच भरतात, परंतु त्या हवेत ती लवकर कुजून लगदा होतात. माती घालू नये. शेणखत, चहाचा चोथा, केळीच्या सालीचे पाणी आणि तांदळाचे धुवण या घरगुती उपायांनी गुलाबाला आणि तुळशीला बरे वाटत असेल, पण ऑर्किडच्या मुळांमधली हवेची वाट त्यांनी बुजते आणि चिलटे तेवढी वाढतात.

हीच कृती नागपूर, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घरात जशीच्या तशी केली तर रोप एप्रिलमध्येच वाळून जाईल, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. जे मॉस ठाण्यात जीव घेते, ते विदर्भाच्या उन्हाळ्यात जीव वाचवते. तिथे प्लास्टिकची कुंडी, सोडणांचे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे आणि त्यांत सैलसर मिसळलेले थोडे मॉस योग्य ठरते. मधली घट्ट गुंडी मात्र तिथेही काढलीच पाहिजे. कूलर लावलेल्या खोलीतली ओलसर हवा या झाडाला मानवते, फक्त कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. पसरट ताटात खडी आणि पाणी ठेवून त्यावर, पाण्याला न टेकवता, कुंडी ठेवण्याचा उपायही कोरड्या हवेत कामाला येतो. समुद्रकाठच्या शहरांत दिवसातून तीनदा पानांवर फवारा मारणारे लोक मी पाहते, त्या फवाऱ्याने ठिपके आणि बुरशी यांखेरीज काही मिळत नाही.

मुळात प्रत्येकाने फॅलेनॉप्सिसच का घ्यावे, असाही प्रश्न आहे. या झाडाला दांडा फुटण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले तर ते नुसती पाने वाढवत बसते. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथे मार्गशीर्ष-पौषातील रात्री हे काम आपसूक करतात आणि खिडकीत ठेवलेले निरोगी रोप जानेवारीच्या आसपास स्वतःहून दांडा टाकते. त्या दिवसांत रात्री ते हवेशीर खिडकीपासून हलवून बंद खोलीत ठेवणे म्हणजे त्याची थंडी हिरावून घेणे. मुंबईत ही संधी थोड्याच दिवसांची असते, एखाद्या वर्षी ती हुकते, आणि मग ‘पाने छान आहेत पण फूल नाही’ ही तक्रार सुरू होते. अशा शहरांनी डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडकडे वळावे. थायलंडमधून येणारी आणि लग्नमंडपांच्या सजावटीत दिसणारी जांभळी-पांढरी फुले याच डेंड्रोबियमच्या संकरित वाणांची असतात. त्यांना उष्ण, दमट हवा मनापासून आवडते, कोळशात लावल्यावर उन्हाळ्यात रोज पाणी चालते, आणि सकाळचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन मिळाले तर वर्षातून एकाहून अधिक वेळा ती फुलतात. त्यांच्या पाने गळलेल्या जुन्या कांड्या वाळकी काटकी समजून छाटल्या जातात, हे थांबायला हवे. त्या कांड्यांत पाणी आणि अन्न साठवलेले असते आणि पुष्कळदा त्यांच्याच शेंड्यांवर पुन्हा तुरा येतो. ज्यांच्याकडे मोकळी गच्ची किंवा भरपूर उजेडाची गॅलरी आहे, त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत वांडा हे ऑर्किड टांगावे. सिंगापूरने १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले ‘वांडा मिस जोकिम’ याच गोतातले आहे आणि सिंगापूरची हवा आपल्या कोकणाच्या पावसाळी हवेच्या पुष्कळ जवळची आहे. वांडाची हातभर लांब मुळे हवेत लोंबतात, त्यांना भरायला काहीच लागत नाही. पाण्याची बादली वर धरून ती मुळे दहा-पंधरा मिनिटे बुडवली की झाले.

उजेडाबद्दल आपल्या लेखात ‘उन्हापासून दूर’ असे म्हटले आहे. दुपारच्या उन्हापासून दूर, इतकेच त्यात जोडायला हवे होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी ठेवलेले ऑर्किड महिनोन्महिने जगते खरे, पण फुलत नाही. गर्द हिरवे, लुसलुशीत पान पाहून लोक खूश होतात. ऑर्किडच्या बाबतीत तो उजेड कमी पडत असल्याचा पुरावा असतो. पानाचा रंग किंचित पोपटी असावा. त्यावर तांबूस झाक येऊ लागली तर ऊन जास्त होते आहे, मग हिरव्या जाळीची सावली करावी. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. काळसर काचांच्या सरकत्या खिडक्यांनी निम्मा उजेड अडतो, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तिकांत ‘फळांपासून दूर ठेवा’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेली असते, पण आपल्याकडे तिला वेगळेच महत्त्व आहे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, उमललेली फुले अकाली मिटतात. एप्रिल-मे महिन्यांत ज्या खोलीत आंब्याची अढी घातलेली असते किंवा हापूसच्या पेट्या रचलेल्या असतात, त्याच खोलीत फुललेले ऑर्किड ठेवले तर दोन-चार दिवसांत त्याचा तुरा मान टाकतो. कारण न कळल्याने दोष पाण्याला, खताला किंवा भेट देणाऱ्याच्या नजरेला दिला जातो!

खताविषयी थोडक्यात. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅमहून कमी घालून, आधी साध्या पाण्याने मुळे भिजवल्यानंतर, वाढीच्या काळात पंधरवड्यातून एकदा दिले तरी भागते. जास्त दिल्याने जास्त फुले येत नाहीत, मुळांची टोके मात्र करपतात. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. मुंबई-ठाण्याला धरणांचे मऊ पाणी मिळते, म्हणून इथल्या लोकांना त्याची जाणीव नसते. पण बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी जिथे वापरावे लागते, तिथे कोळशावर आणि कुंडीच्या कडेला पांढरा क्षार जमतो आणि मुळे जळतात. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी झाडांना घालण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ते फरशी पुसायला वापरावे, ऑर्किडला घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. पावसाचे पाणी साठवता आले तर त्याहून चांगले काही नाही. किडींपैकी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बगलेत लपतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती पुसून काढावी. पावसाळ्यात गॅलरीतल्या कुंड्यांवर रात्री विजेरी घेऊन एक नजर टाकावी, गोगलगायी मुळांची कोवळी टोके आणि कळ्या एका रात्रीत फस्त करतात.

विषयाला धरूनच एक कटू गोष्ट मांडणे भाग आहे. विकतचे रोप मेले की काही जण ‘आपल्या रानातले ऑर्किड काटक असते, ते तरी जगेल’ असा विचार करतात, आणि आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर अशा भागांतील पावसाळी सहलीहून परतताना झाडावरून ओरबाडलेला सीतेच्या वेणीचा किंवा रानडेंड्रोबियमचा झुबका पिशवीतून घरी येतो. ही झाडे बांडगुळे नाहीत, ती आंब्याजांभळाचा रस शोषत नाहीत, केवळ सालीचा आधार घेतात. त्यामुळे ती उपटल्याने झाडावर उपकार होत नाही. ओरबाडताना सालीला घट्ट चिकटलेली मुळे तुटतात, आणि नव्या जागी पुन्हा चिकटायला लागणारा दीर्घ काळ ते रोप शहरातल्या गॅलरीत तग धरून राहत नाही. रानात त्याची जागा भरून यायची तर बुरशीची साथ मिळालेले नवे बी रुजून फुलावर येईपर्यंत अनेक वर्षे जावी लागतात. राखीव वनातून विनापरवानगी वनस्पती आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि ऑर्किड कुलातील सगळ्याच जाती साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंदलेल्या आहेत. सीतेची वेणी पाहायची हौस असेल तर मे-जूनमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या गावी जावे. तिथल्या जुन्या आंब्यांवर तिचे गुलाबी तुरे जागच्या जागी झुलताना दिसतात. आसामात हेच फूल कोपौ या नावाने ओळखले जाते आणि बिहूच्या सणात केसांत माळले जाते.

आता माझ्या दोन विनंत्या. पहिली नर्सरीचालकांना आणि भेटवस्तू म्हणून रोपे विकणाऱ्या दुकानांना. प्रत्येक रोपासोबत मराठीत छापलेली बोटभर चिठ्ठी द्यावी. तिच्यावर झाडाचे नेमके नाव असावे, कारण ‘ऑर्किड, पांढरे’ एवढ्यावरून निगा ठरवता येत नाही. कुंडीत काय भरले आहे आणि ते बदलायचे असेल तर कधी, हे असावे. आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक आहे की नाही, हे स्पष्ट सांगितलेले असावे. भोक नसलेली कुंडी विकूच नये असे माझे म्हणणे नाही, पण पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढून निथळल्याशिवाय परत ठेवू नये, हे एक वाक्य तरी त्यावर हवे. हजार-बाराशे रुपयांच्या वस्तूसोबत एवढी माहिती देण्याचा खर्च फारसा नाही, आणि ज्याचे रोप दोन वर्षे जगले तो गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येतो, हा हिशेब विक्रेत्यांना मी सांगायला नको.

दुसरी विनंती आपल्याला आणि राज्याच्या कृषी विद्यापीठांना. दापोली, राहुरी, परभणी आणि अकोला अशी आपली चार विद्यापीठे चार वेगवेगळ्या हवामानांत वसलेली आहेत. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले काम बहुतांशी थंड, डोंगराळ भागासाठी उपयोगी पडते. आपल्या घराच्या खिडकीचे उत्तर आपल्याच विभागातून मिळायला हवे. या चारही विद्यापीठांच्या उद्यानविद्या विभागांकडून, त्या-त्या भागातल्या घरांत ऑर्किडला कोणत्या महिन्यात किती पाणी, कोणती कुंडी आणि कोणते वाण, अशी पानभर माहिती आपण मागवावी आणि आपल्या विभागीय आवृत्त्यांमध्ये ती स्वतंत्रपणे छापावी. दापोलीचा मजकूर नागपूरच्या आवृत्तीत आणि अकोल्याचा ठाण्याच्या आवृत्तीत येऊ नये, एवढी दक्षता घेतली तरी पुष्कळ रोपे वाचतील. हे लेखन दिवाळीच्या आधी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास छापून आले तर अधिक बरे, कारण घराघरांत रोपे येतात ती त्यानंतरच्या महिनाभरात. तोपर्यंत ज्यांच्याकडे गेल्या दिवाळीचे रोप अजून तग धरून आहे, त्यांनी फुले नसतील तर येत्या रविवारी ते कुंडीतून काढून मधली ती मॉसची गुंडी आहे का, एवढे तपासून पाहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे